गिअरची दांडी ढिली झालीय. हजार रुपयांत काय काय करता येईल?

घाटवाट
मंडळी, गाडी जुनी हॅचबॅक आहे. पेट्रोल, पाच गिअर, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून 'ती गाडी चांगली की ही' सुरू होतं आणि माझा प्रश्न खाली बुडतो.

इंजिन ठणठणीत, क्लच प्लेट गेल्या वर्षी बदललेली. तक्रार फक्त गिअरच्या दांडीची. आमटीत पळी फिरवावी तशी ती न्यूट्रलला कुठेही फिरते. गिअर पडला की नाही हे क्लच सोडल्याशिवाय कळत नाही. कुंभार्ली घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो आणि गाडी वळणावरच गुदमरते. मागचा ट्रक हॉर्न वाजवून आपलं मत सांगतोच.

वर्कशॉपमध्ये विचारलं तर 'जुन्या गाड्यांचं असंच असतं साहेब' म्हणाले, नाहीतर पूर्ण असेंब्ली बदला. तिचा आकडा ऐकून घरी आलो. नेटवर जड नॉब (दांडीच्या टोकाची मूठ), दांडी छोटी करणं, बुडाखाली वॉशर, ट्यूबचे तुकडे असे बरेच उपाय दिसतात. कोणी स्वतः केलंय का? खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान? बजेट हजार-बाराशे. पाने घरी आहेत, खोलायची भीती नाही.

आळशी_अजगर
ऑटोमॅटिक घ्या. विषय संपला.

घाटवाट
@अजगर, बजेटचं वाक्य परत एकदा वाचा.

पुणेरी_सायलेन्सर
जड नॉब. डोळे झाकून. मूळचा प्लास्टिकचा नॉब काढून मी स्टीलचा लावला. पहिल्याच सिग्नलला दुसरा गिअर असा पडला की मी स्वतःशीच हसलो. पाच मिनिटांचं काम. बाकीचं सगळं नंतर बघा.

बोल्टनट
घाई नको. आधी ढिलेपणा कुठे आहे ते शोधा, मग पैसे काढा.

हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स पुढे, बॉनेटखाली. म्हणजे तुमच्या हातातली दांडी थेट गिअरबॉक्समध्ये जात नाही. मधे दोन केबल असतात किंवा लोखंडी रॉडचं लिंकेज. दोन केबल असतील तर एक पुढे-मागे हालचाल नेते आणि दुसरी डावी-उजवी. पहिलीने गिअर पडतो, दुसरीने कुठली खाच ते ठरतं. तुम्हाला दुसऱ्याऐवजी चौथा मिळतोय, म्हणजे दांडी मागे नीट जातेय पण डावीकडे पुरेशी जात नाहीये. संशय डाव्या-उजव्या केबलवर.

तपासणी फुकटात होते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, हँडब्रेक ओढलेला, चाकाला वीट. घरातल्या कोणाला तरी आत बसवून दांडी हळूहळू डावी-उजवी, मग पुढे-मागे हलवायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून गिअरबॉक्सवर केबल जिथे अडकते तिथे बघा. आत दांडी हलतेय आणि इथला आर्म जागचा हलत नाही, असं जितकं अंतर जातं तितका तुमचा प्ले. मग केबलचं टोक आणि पिन यांच्यात फट दिसते का ते पाहा. त्या टोकात प्लास्टिकचा किंवा रबराचा बुश, म्हणजे फट भरणारी छोटी कडी, असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. आत दांडीच्या बुडाशी, कन्सोलखाली, असाच जोड असतो. तोही बघा.

जड नॉबने यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

पुणेरी_सायलेन्सर
@बोल्टनट, दुरुस्त होत नाही हे मान्य. पण 'फील'बद्दलच विचारलंय ना धागालेखकाने?

बोल्टनट
फील हा फिटिंगनंतरचा विषय आहे. चौथा पडतोय हो त्यांना, फील कसला.

मुक्ता_म
पुरुषांनी धागा हाती घेतला की थेट गिअरबॉक्स उघडतात. मी एक साधी गोष्ट विचारते: क्लचखाली पायपुसणी किती आहेत?

हसू नका. आमच्या गाडीला गिअर जड जायचा, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायचा. गॅरेजवाल्याने क्लच, ऑइल, केबल अशी यादी दिली. माझ्या लक्षात आलं की कंपनीच्या मॅटवर नवऱ्याने जाडजूड रबरी मॅट टाकलीय, तिच्यावर पावसाळ्यासाठी अजून एक. पेडल तळाला टेकायच्या आधी मॅटला टेकत होतं. दोन मॅट काढून डिकीत टाकल्या, आवाज बंद. खर्च शून्य.

बोल्टनट
@मुक्ता, शंभर टक्के. क्लच पूर्ण सुटला नाही तर चांगला गिअरबॉक्ससुद्धा वाईट वाटतो. ओळखायचं असं: इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, तर दोष क्लचकडे. केबलचा क्लच असेल तर ताण तपासा, हायड्रॉलिक असेल तर ऑइलची पातळी आणि आत हवा शिरलीय का ते. इंजिन बंद असतानाही दांडी ढिलीच राहिली, तर मी वर लिहिलंय ते.

घाटवाट
मॅट एकच आहे, तपासली. इंजिन बंद असतानाही दांडी तशीच डुलते. रविवारी भाच्याला आत बसवून बॉनेट उघडतो.

उद्यमनगरी
भावा, नॉब इकत कशाला आणतोस? कोल्हापुरात ये, लेथवर करून देतो की.

आता जडपणाचा हिशेब ऐका, नुसतं 'जड' म्हणून चालत नाही. ४५ मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा धरा. घनफळ सुमारे ४८ घन सेंटिमीटर. स्टीलचा केला तर पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, पितळेचा चारशेच्या वर, ॲल्युमिनियमचा जेमतेम १३० ग्रॅम. आटे पाडायला भोक घेतलं की थोडं कमी. म्हणजे बाजारात जो चकचकीत ॲल्युमिनियमचा नॉब 'रेसिंग' म्हणून विकतात, त्यात वजन असं काहीच नसतं. दिसायला पैलवान, आत भुस्सा.

जड नॉबने होतं काय, तर हाताने दिलेला धक्का दांडी स्वतःच पुढे नेते. खाचेत जाताना जिथं अडल्यासारखं वाटतं, तिथून वजनाच्या जोरावर निघून जाते. हाताला मऊ लागतं. आत सिंक्रोला, म्हणजे गिअर जुळायच्या आधी वेग सारखे करणाऱ्या रिंगेला, जो वेळ लागायचा तो लागतोच, तो नॉब कमी करत नाही. पण बोट दुखायचं थांबतं, हे माझ्या स्वतःच्या गाडीत आहे.

पुणेरी_सायलेन्सर
घ्या. आता बोला.

बोल्टनट
बोलतो की. ढिल्या बुशवर चारशे ग्रॅम ठेवले की खड्ड्यात दांडी अजून डुलते, आणि बारीक खडखड सुरू होते ती वेगळी. ढिलेपणा काढून मग नॉब लावला तर माझी काहीच हरकत नाही.

संत्र्याचा_मळा
राजेहो, कोल्हापूरवाले लोखंडाचे गोळे वाटून राहिले, पण इकडे नागपुरात मे महिन्यात येऊन पाहा एकदा. दुपारी दोन वाजता उन्हात उभी गाडी उघडली आणि स्टीलच्या नॉबला हात लावला. पहिला गिअर टाकायच्या आधी मी बाहेर. मग दोन महिने नॉबवर लहान पोराचा मोजा चढवला होता. बायको म्हणे, नॉबला थंडी वाजते काहून?

विदर्भ, मराठवाड्यातल्या लोकांनी डेल्रिन (कडक प्लास्टिक) किंवा लाकडाचं आवरण असलेला घ्या. नाही तर मोजा.

उद्यमनगरी
@संत्र्याचा_मळा, आत पितळेचा गाभा, वरनं डेल्रिनची टोपी. वजन पण राहतंय, हात पण भाजत नाही. करतो आम्ही असले.

द्राक्षबाग_निफाड
आमचा त्रास नेमका उलटा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेवर जायला निघावं तर पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत दुसरा गिअर जणू दगडात रुतलेला. गाडी तापली की सगळं सुरळीत. दांडी, बुश सगळं तपासून झालं, तिथे काही नव्हतं. शेवटी गिअर ऑइल काढलं तर काळपट, घट्ट. गाडी घेतल्यापासून कोणी बदललंच नव्हतं. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअर ऑइलची आठवण कोणाला होत नाही.

नवीन ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या घट्टपणाचा क्रमांक) भरलं. थंडीतला तो अडथळा पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून जास्त गेला. छोट्या गाडीला साधारण दोन-अडीच लिटरच लागतं, म्हणजे बजेटच्या फार बाहेर जात नाही.

स्पॅनर_१४नंबर
ऑइल बदलणाऱ्यांसाठी एक सोन्याचं वाक्य: भरायचा बोल्ट आधी उघडा, काढायचा नंतर. खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल सांडलं आणि मग वरचा गंजून बसलेला उघडेना, अशी माणसं मी टोचन करून आणलीत.

द्राक्षबाग_निफाड
+१. आमच्या मेकॅनिकनेही तेच केलं.

टॉपगिअर_टिल्लू
गिअर ऑइल जीएल-५ टाका, जीएल-४ पेक्षा वरचं असतं. पाच हा चारपेक्षा मोठा.

बोल्टनट
@टिल्लू, हा गैरसमज फार महाग पडतो. आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा असं इथे नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची अतिदाबाची द्रव्यं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच) दातांसाठी चांगली, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना नेहमीच मानवत नाहीत. शिवाय सिंक्रोचं कामच मुळी घर्षणावर चालतं. ऑइल फारच निसरडं झालं तर रिंग पकडत नाही आणि गिअर टाकताना दात घासतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच ऑइल. काहींना ७५डब्ल्यू-८० सांगितलेलं असतं, तिथे ९० ओतायचं नाही.

टॉपगिअर_टिल्लू
पुस्तिका कोण ठेवतं?

मुक्ता_म
डिकीत बघ, माझ्या मॅटखाली असेल.

काळीपिवळी
अवांतर आहे, पण राहवत नाही. बाबांनी पद्मिनी टॅक्सी चालवली. तिच्या गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबाला, डाव्या बाजूला. पुढची सीट सलग, मधे काही अडसर नाही, त्यामुळे पाहुणे आले की पुढे तिघं. खांबापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड आणि सांधे. जितके सांधे तितका ढिलेपणा, हे बाबांचं तत्त्वज्ञान. सुट्टीच्या दिवशी ते प्रत्येक सांध्याला ग्रीस लावायचे, वॉशर बदलायचे आणि मग एका बोटाने गिअर टाकून दाखवायचे. दुसरा कोणी त्या टॅक्सीत बसला की त्याला रिव्हर्स सापडायचा नाही. चोरीची भीती त्यामुळे कधी वाटलीच नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी बाबांनी बातम्या लावल्या नाहीत.

संत्र्याचा_मळा
वा. हा प्रतिसाद वेगळा धागा मागतो.

लालडबा_प्रेमी
गिअरचा विषय आणि एसटीचं नाव नाही? लहानपणी ड्रायव्हरच्या शेजारच्या बोनटवर बसून मी ती कमरेएवढी दांडी बघत असे. गाडी उभी असली तरी ती थरथरायची. खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा आणि मधे न्यूट्रलला ॲक्सिलरेटरचा एक झटका द्यायचा. ज्याला ते जमतं त्याला ढिली दांडी काय नि घट्ट काय.

@घाटवाट, घाटात दुसरा टाकताना हे करून पाहा. खर्च शून्य.

बोल्टनट
याने दात घासणं थांबतं, हे खरं. पण खाचच चुकत असेल तर दोनदा क्लच दाबून दोनदा चौथाच पडेल :)

घरचा_मेकॅनिक
वॉशर आणि ट्यूबबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कन्सोल काढला (माझ्या गाडीत चार स्क्रू आणि दोन क्लिपा, क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचका, स्क्रू ड्रायव्हरने खुणा पडतात) की खाली दांडीचं बूड चार बोल्टांवर बसवलेलं दिसतं. त्या बोल्टांखाली जाड रबरी बुश असतात, गिअरबॉक्सची थरथर आत येऊ नये म्हणून. गाडी जुनी झाली की हे रबर दबतं, आणि तुम्ही दांडी ढकलता तेव्हा आधी पूर्ण बूडच सरकतं, मग गिअर पडतो. ओळखायला सोपं: दांडी जोरात पुढे-मागे करताना दुसऱ्या हाताची बोटं बुडाच्या पत्र्यावर ठेवा. पत्रा बोटाखाली सरकला तर हेच दुखणं.

कंपनीचे नवे रबर मिळाले तर उत्तम. मला सुटे मिळाले नाहीत, म्हणून प्रत्येक बोल्टला जुन्या रबराच्या वर-खाली रुंद स्टीलचा वॉशर टाकला आणि रबर थोडं दाबून घट्ट केलं. काही लोक रबर पूर्ण काढून धातूचे तुकडे बसवतात. मी ते करून पाहिलं. गिअर बंदुकीच्या बोल्टसारखा पडतो, पण निवांत उभ्या गाडीत दांडी गुणगुणते आणि कन्सोल तिला साथ देतो. दोन दिवसांत रबर परत लावलं. मधला मार्ग बरा.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांडीच्या खालच्या गोळ्याभोवतीच्या कपात घालतात तो उपाय टिकत नाही. महिन्याभरात चुरा होतो, आणि चुरा नको तिथे जातो.

ग्रीस लावताना प्लास्टिक-रबराला सिलिकॉन ग्रीस. गाडीच्या चाकाचं साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं.

टॉपगिअर_टिल्लू
डब्ल्यूडी-४० मारलं तर?

घरचा_मेकॅनिक
त्यातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणारं असा आहे. गंजलेला बोल्ट सोडवायला झकास. पण पातळ आहे, असलेलं ग्रीस धुऊन नेतं आणि काही दिवसांनी आवाज दुप्पट.

वाशिष्ठीकाठ
कोकणातल्या लोकांसाठी दोन ओळी. आमच्याकडे बुशपेक्षा गंज आधी. रॉडचं लिंकेज असेल तर खालच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटतं, पावसाळ्यात चिखलपाणी आत जातं, आणि दिवाळीपर्यंत दांडी ढिली नाही, उलट जाम होते. बूट स्वस्त असतं, दरवर्षी मे महिन्यात बघून घ्या. दुसरं म्हणजे उंदीर. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर केबलचं वरचं आवरण कुरतडतात. पाणी शिरलं की केबल आत गंजते आणि मग ती बदलण्यावाचून इलाज नाही.

राईनकाठ
जर्मनीतून हजेरी. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून गिअर उजव्या हाताने. आल्यावर पहिले काही दिवस मी दार उघडायच्या हँडलनेच गिअर टाकायला जायचो. सवयीने डावा हात पुढे जायचा.

इथे जुनी मॅन्युअल गाडी ठेवणारे बरेच जण केबलच्या टोकाचे बुश स्वतः बदलतात. पितळेचे, पॉलियुरेथेनचे तयार मिळतात. मीही टाकले. दांडी एकदम नेमकी झाली, पण थंड इंजिनवर हातात थरथर जाणवते. आता नवीन पिढी ऑटोमॅटिकवर परीक्षा देते. २०२१ पासून मॅन्युअलचे दहा धडे आणि एक छोटी चाचणी ड्रायव्हिंग स्कूलमध्येच केली की दोन्ही चालवायची मुभा मिळते. माझ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, कशाला?

आळशी_अजगर
शहाणा मुलगा.

टॉपगिअर_टिल्लू
कोणी दांडी कापून छोटी केलीय का? मी बघितलंय, वरचे पाच सेंटिमीटर कापायचे, परत आटे पाडायचे. शॉर्ट शिफ्टर फुकटात.

बोल्टनट
फुकट नाही, किंमत हाताने मोजायची. टेकूपासून नॉबपर्यंत दांडी २५ सेंटिमीटर धरा. पाच कापली, राहिली वीस. हाताला कापावं लागणारं अंतर वीस टक्के कमी, आणि लागणारा जोर पंचवीस टक्के जास्त. तरफेचा नियम आहे, त्यातून सुटका नाही. निफाडच्या पहाटे हा जोर लावून बघा.

आणि ढिलेपणाही कमी होत नाही. नॉबपाशी पाच सेंटिमीटर डुलत होती ती चार डुलेल, खालचा बुश तेवढाच झिजलेला. शिवाय कापलेली दांडी परत वाढत नाही. तयार शॉर्ट शिफ्टरमध्ये बहुतेकदा टेकूखालचा भाग लांब केलेला असतो, त्यामुळे नॉब हाताशी त्याच उंचीवर राहतो. करायचंच तर ते.

पुणेरी_सायलेन्सर
याबाबतीत बोल्टनटशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

स्पॅनर_१४नंबर
अजून एक राहिलं. नॉब जड करा की हलका, गाडी चालवताना हात दांडीवर ठेवून बसायची सवय सोडा. वरून हाताचा दाब सतत राहिला की आत गिअर सरकवणारा फोर्क त्याच्या स्लीव्हला (सरकणाऱ्या कडीला) घासत राहतो. तो भाग नॉबसारखा हजारात मिळत नाही, बॉक्स उतरवावा लागतो.

लालडबा_प्रेमी
आणि हात ठेवायचा कुठे?

मुक्ता_म
स्टिअरिंगवर. दोन्ही.

घाटवाट
रविवारचा वृत्तांत.

भाचा आत, मी बॉनेटवर. बोल्टनट म्हणाले तसंच. पुढे-मागेची केबल चोख. डाव्या-उजव्या केबलचं टोक पिनवर सैल लटकत होतं; भाचा दांडी हलवत होता आणि गिअरबॉक्सवरचा आर्म ढिम्म. टोक हाताने वर ओढलं तर सहज निघून आलं. आतला बुश म्हणजे तपकिरी भुगा, बोटाला लागत होता. एक अर्धी कडी शिल्लक, तीही चिरलेली. पिन मात्र चांगली, खाचा नाहीत.

नाना पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. सगळे म्हणाले, सुटा बुश येत नाही, पूर्ण केबल घ्या. शेवटच्या दुकानातल्या काकांनी दुसऱ्याच एका गाडीचा बुश काढून दिला, 'बाहेरून बसेल, आतून किंचित घट्ट आहे, पॉलिश पेपर मारा' म्हणाले. मारला. सिलिकॉन ग्रीस लावून टोक पिनवर दाबलं, टक् आवाज आला. वरून क्लिप.

फरक प्रचंड. पहिल्या-दुसऱ्याची बाजू आणि तिसऱ्या-चौथ्याची बाजू आता वेगळ्या कळतात. कुंभार्लीला अजून नेली नाही, पण कात्रजच्या जुन्या रस्त्याने जाऊन आलो, दुसरा मागितला की दुसराच मिळाला. बुश आणि ग्रीस मिळून तीनशेच्या आत.

आता उरलं ते असं. एक, सकाळी पहिल्यांदा दुसरा टाकताना किंचित दात घासल्याचा आवाज. दोन, दांडीच्या बुडाचा पत्रा बोटाखाली थोडा सरकतोय, म्हणजे घरचा_मेकॅनिक यांचा उपाय पुढच्या रविवारी. आणि तीन, बजेट उरलंय, तर नॉब?

बोल्टनट
छान काम. दुसऱ्या गाडीचा बुश आहे, तर काही आठवड्यांनी बॉनेट उघडून क्लिप जागेवर आहे ना ते बघा. केबलला ॲडजस्टर असेल तर त्याला आत्ता हात लावू नका. सगळे गिअर पूर्ण पडतायत तर तो बरोबरच आहे. चुकीचा फिरवला की गिअर अर्धाच बसतो आणि झटक्यात बाहेर येतो.

सकाळचा आवाज ऑइल बदलून कमी झाला तर ठीक. गाडी तापल्यावरही येऊ लागला तर सिंक्रो झिजलाय. त्याला बाहेरून कुठलाही जुगाड चालत नाही, नॉब तर नाहीच. तोवर लालडबावाल्यांचा दोनदा क्लच वापरा.

पुणेरी_सायलेन्सर
आणि नॉब? परवानगी आहे का?

बोल्टनट
आता लावा. बुडाचे वॉशर टाकून झाल्यावर.

उद्यमनगरी
@घाटवाट, आता ऐक. आधी नॉब फिरवून निघतोय का बघ. काही गाड्यांत आटे नसतात, नुसता दाबून बसवलेला असतो. ओढून काढताना नाकावर बसतो, तोंड बाजूला ठेव. आटे असले तर माप काढ. एम १० (दहा मिलिमीटर जाडीचा) असला तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ किंवा १.५ दोन्ही असतात, एम १२ मध्ये १.२५ बऱ्याच गाड्यांना. डोळ्यानं कळत नाही. ओळखीच्या टर्नरकडे पिच गेज असतंय, नाहीतर नट लावून बघ. चुकीच्या पिचचा नॉब दोन आटे जातो आणि अडतो, तिथं जोर लावू नकोस, दांडीचे आटे मरतात.

आणि रिव्हर्सला खालची रिंग उचलावी लागते का तुझ्यात?

घाटवाट
हो, रिंग आहे. वर ओढून रिव्हर्स. आटे आहेत, फिरवून निघाला. एम १२, नट १.२५ चा सरळ बसला.

उद्यमनगरी
मग गोळा चालणार नाही, रिंगेला वर यायला जागा पाहिजे. खालनं निमुळता करावा लागंल, नासपतीच्या आकाराचा. त्यात वजन थोडं कमी बसतंय, तीनशेच्या आसपास. पितळेचा गाभा नि वर काळं डेल्रिन. रिंग पूर्ण उचलून, तिच्या वरच्या कडेपासून दांडीच्या टोकापर्यंत किती मिलिमीटर उरतंय ते मोजून कळव. आणि तळहाताची रुंदी सांग, त्यावर व्यास ठरवू.

घाटवाट
रिंग उचलून ३१ मिलिमीटर उरतात. तळहात ९ सेंटिमीटर. पैसे आधी पाठवू की माल बघून?

उद्यमनगरी
माल बघून. आणि वर गिअरचा नकाशा कोरायचा का साधा ठेवायचा?

घाटवाट
कोरा. भाचा शिकतोय चालवायला.